‘मम’, ‘मज’ आणि ‘आम्ही’

(सातारा-सांगलीच्या शिवेवरील एका गांवीं शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण.)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून पुष्कळांना नवल वाटलें असेल. उसाचा भाव, विहिरीचें पाणी, सोसायटीचें कर्ज, पोरांच्या नोकऱ्या असे दहा प्रश्न दारांत उभे असतां ‘मी’, ‘तूं’, ‘जो’, ‘तो’ या चिमुकल्या शब्दांवर तासभर बोलण्यांत काय हंशील? व्याकरणांत या शब्दांना सर्वनामें म्हणतात. आमचें म्हणणें असें कीं, माणसानें माणसाला कोणत्या पायरीवर उभें केलें आहे हें जितकें या चार शब्दांत दिसतें, तितकें मोठ्या पोथ्यांत दिसत नाहीं. आपल्या संतांनीं जीं वचनें आपल्या मुखीं घातलीं, त्यांचा जीव पुष्कळदां अशा एखाद्या जुन्या सर्वनामांत असतो. ती जुनी सर्वनामें आज घरांतून निसटत चालली आहेत. तीं गेलीं तर आपलें काय जातें, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

आरंभ एका परक्या सर्वनामापासून करूं. ‘मम म्हणणें’ हा वाक्प्रचार तुम्हां सर्वांच्या तोंडचा आहे. चेअरमननें ठराव वाचला आणि पंचांनीं मम म्हटलें, असें आपण रोज बोलतों. हा शब्द आला कोठून? घरांत पूजा असते. यजमान पाटावर बसतो. भटजी संस्कृतांत संकल्प सांगतात आणि मध्येंच थांबून म्हणतात, ‘मम म्हणा’. यजमान म्हणतो, ‘मम’. ‘मम’ म्हणजे ‘माझें’. घर यजमानाचें, पैसा यजमानाचा, नवस यजमानाचा. पण ‘माझें’ एवढा शब्द तेवढा न कळणाऱ्या भाषेंत, आणि तोही दुसऱ्यानें सांगितल्यावर म्हणावयाचा! मराठी माणूस भाबडा असेल, पण त्याला डोळे आहेत. त्यानें हा देखावा पाहिला आणि त्यावरून शब्दच पाडला. विचार न करतां दुसऱ्याच्या म्हणण्यास मान डोलावणें म्हणजे मम म्हणणें.

ही गोष्ट पूजेपुरती असती तर हंसून सोडून दिली असती. पण पाटावरचें ‘मम’ तेथून उठलें आणि स्टांपाच्या कागदावर जाऊन बसलें. जुने कर्जरोखे पाहा. ‘मी लिहून देतों कीं’ असा त्यांचा थाट. यांतला ‘मी’ कोण? शेतकरी. पण बोलतो कोण? सावकार. लिहितो कोण? सावकाराचा कारकून. शेतकऱ्याचें त्यांत काय आहे? तर खालचा अंगठा. ज्या कागदांत आपणच ‘मी’ आहों तो कागद आपल्याला वाचतां येऊं नये, याहून मोठी गुलामगिरी ती कोणती? १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांत सुप्याच्या बाजारापासून दंगे सुरू झाले, तेव्हां चिडलेल्या कुणब्यांनीं हे कर्जरोखेच ओढून काढून जाळले. सावकाराच्या जिवापेक्षां त्याच्या दप्तरावर त्यांचा रोख होता. त्यानंतर १८७९ सालीं पुणें, सातारा, नगर व सोलापूर या चार जिल्ह्यांसाठीं सरकारला शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. आपल्या पणजोबांनीं दुसऱ्यानें लिहिलेला स्वतःचा ‘मी’ जाळला, असें आम्ही त्या दंग्याचें वर्णन करतों.

त्याच काळांत जोतीराव फुले यांनीं हें मर्म ओळखलें होतें. त्यांच्या घराण्याचें मूळ गांव कटगुण, म्हणजे आपल्याच खटाव तालुक्यांतलें. २४ सप्टेंबर १८७३ रोजीं त्यांनीं सत्यशोधक समाज स्थापन केला. निर्मिक आणि माणूस यांच्यामध्यें दलाल नको, हें त्याचें मुख्य तत्त्व. त्याच सालीं सत्यशोधक पद्धतीनें लग्नें लागूं लागलीं. त्यांत भटजी नव्हता, संस्कृत मंत्र नव्हते. वधूवरांनीं एकमेकांस मराठींत, आपापल्या तोंडानें वचन द्यावयाचें होतें. नवरी बोलली! ज्या मांडवांत नवरीनें अंतरपाटामागें मुकाट उभें राहावें असा दंडक होता, त्या मांडवांत ती आपल्या भाषेंत आपल्या हक्काविषयीं बोलली. ‘मम’च्या जागीं ‘मी’ आला, तो असा. पुढें १९००च्या सुमारास कोल्हापुरास वेदोक्ताचा तंटा माजला. शाहू छत्रपतींसारख्या राजाला वेदांतले मंत्र म्हणावयाचे कीं पुराणांतले, यावर मोठा वाद झाला. महाराजांचा अपमान झाला हें खरेंच, आणि त्यांनीं तो मुकाट गिळला नाहीं हेंही ठीकच केलें. पण आपल्यासारख्या साध्या घरांनीं त्यांतून घ्यावयाचा धडा वेगळा आहे. वेदोक्त मिळालें काय किंवा पुराणोक्त मिळालें काय, अर्थ न कळतां म्हटलें तर ‘मम’ तें ‘मम’च!

आतां आपल्या घरच्या सर्वनामाकडे येऊं. जोतीरावांच्या कितीतरी शतकें आधीं याच मुलखांत कांहीं माणसें देवाशीं सरळ मराठींत बोलूं लागलीं. नामदेव शिंपी होते, सांवता माळी होते, गोरोबा कुंभार, सेना न्हावी, नरहरी सोनार. जनाबाई नामदेवांच्या घरची दासी. चोखोबा महारवाड्यांतले. तुकोबा जातीनें कुणबी, धंद्यानें वाणी. यांच्या अभंगांत पावलोपावलीं दोन शब्द भेटतात : ‘मज’ आणि ‘तुज’. ‘मज’ म्हणजे मला, ‘तुज’ म्हणजे तुला. त्यांच्याच जोडीला ‘म्यां’ म्हणजे मीं केलें यांतला मीं, ‘त्वां’ म्हणजे तूं केलेंस यांतला तूं. ‘जया’ आणि ‘तया’ म्हणजे ज्या आणि त्या. ‘येणें’ म्हणजे यानें, ‘कवण’ म्हणजे कोण, ‘आपुला’ म्हणजे आपला. ज्ञानेश्वरींत ‘मातें’ आणि ‘तूतें’ असेंही आढळतें. त्यांचाही अर्थ मला आणि तुला. रामदासांविषयीं आपल्या चळवळींत पुष्कळ वाद झाले आहेत, ते येथें नकोत. पण सज्जनगडच्या त्या साधूच्या करुणाष्टकांतही ‘तुजविण’ हाच शब्द काळजाला हात घालतो. अभंगांतून हे शब्द काढा आणि पाहा, मागें काय उरतें. ‘मज’ गेला कीं भक्त गेला, ‘तुज’ गेला कीं देव गेला. उरले टाळ!

येथें कोणी विचारील, देवासारख्या थोराला ‘तूं’ कां म्हटलें? गांवच्या पाटलाला ‘तुम्ही’, मामलेदाराला ‘आपण’, आणि पंढरीच्या रायाला मात्र ‘तूं’? याचें उत्तर शास्त्रांत शोधूं नका, आपल्या सोप्यांत शोधा. मूल बापाला काय म्हणतें? जुन्या घरांत ‘अहो दादा, तुम्ही’. आणि आईला? ‘अगं आई, तूं.’ आईचा मान कमी म्हणून नव्हे. आईपाशीं अंतरच नसतें, म्हणून. संतांनीं विठोबाला माउली केला, तेव्हांच त्याचा ‘तूं’ ठरून गेला. दरसालच्या वारींत ज्ञानोबांची पालखी नीरा ओलांडून आपल्या जिल्ह्यांत येते. लोणंद, तरडगांव, फलटण, बरड असे तिचे मुक्काम होतात. त्या वाटेवर वारकरी एकमेकांस काय म्हणतात? माउली. पाणी देणारा माउली, घेणारा माउली. डॉक्टर माउली, हमालही माउली. वर्षाचे पंधरा-वीस दिवस तरी त्या रस्त्यावर माणसाला हांक मारतांना जात विचारावी लागत नाहीं.

पण मंडळी, या ‘तूं’ला दोन तोंडें आहेत, आणि दुसरें तोंड पाहिल्यावांचून आजचा विषय पुरा होणार नाहीं. एक ‘तूं’ खालून वर जातो, तो प्रेमाचा. दुसरा ‘तूं’ वरून खालीं येतो, तो मालकीचा. चोखोबा देवाला ‘तूं’ म्हणत होते, आणि गांव चोखोबांना ‘तूं’ म्हणत होता. शब्द एक, पण एकांत भक्ति आणि दुसऱ्यांत हेटाळणी. चोखोबा १३३८ सालीं मंगळवेढ्यास गांवकुसाचें काम करीत असतां भिंत कोसळून गेले. त्यांची समाधि पंढरपुरास देवळाच्या महाद्वारापुढें आहे. आंत नव्हे, दारापुढें. त्यांचे अभंग देवळांत गायिले गेले, पण त्यांच्या भाईबंदांना त्या देवळाचें दार उघडण्यास १९४७ साल उजाडावें लागलें, आणि त्यासाठीं साने गुरुजींना मे महिन्यांत दहा दिवस उपोषण करावें लागलें. सहाशें वर्षें सर्वनाम गाभाऱ्यांत जाऊन आलें. माणूस मात्र पायरीशीं उभा राहिला. अभंग आपला म्हणून घेणाऱ्या आणि अभंग करणाऱ्याला बाहेर ठेवणाऱ्या समाजाला काय म्हणावें, हें तुम्हींच ठरवा.

हा रोग आपल्याच देशाचा नाहीं. इंग्लंडांतही पूर्वीं थोराला ‘यू’ आणि हलक्याला ‘दाऊ’ म्हणण्याची रीत होती. सतराव्या शतकांत तेथें क्वेकर नांवाचा एक साधा पंथ निघाला. देवापुढें सगळीं माणसें सारखीं, मग आम्ही सर्वांना ‘दाऊ’च म्हणणार, असें त्यांनीं ठरविलें. न्यायाधीशापुढें उभे राहिले तरी ‘दाऊ’च! त्या पायीं त्यांना मार बसला आणि तुरुंग पाहावा लागला, पण त्यांनीं शब्द सोडला नाहीं. पुढें त्या देशानें उलटा मार्ग धरला आणि धन्याला व गड्याला, दोघांनाही ‘यू’ केलें. ‘दाऊ’ राहिला तो प्रार्थनेंत, १६११ सालीं छापलेल्या त्यांच्या बायबलांत आणि कांहीं परगण्यांतल्या शेतकऱ्यांच्या बोलींत. यांत आपण घेण्यासारखी गोष्ट एवढीच : सगळ्यांना ‘तूं’ म्हणा किंवा सगळ्यांना ‘तुम्ही’ म्हणा, दोन्हींत अन्याय नाहीं. अन्याय आहे तो दोन मापें ठेवण्यांत. लबाड व्यापारी घेण्याचें माप एक ठेवतो आणि देण्याचें दुसरें, तशी आपण गांवांत बोलण्याचीं दोन मापें ठेवलीं आहेत. साठ वर्षांचा मजूर बांधावर आला तर वीस वर्षांचा मालक त्याला म्हणतो, ‘काय रे, उशीर केलास?’ आणि तोच म्हातारा त्या पोराला ‘मालक, तुम्ही’ म्हणतो. कचेरींत धोतर-पटका दिसला कीं ‘ए, तिकडं थांब’, आणि इस्त्रीचे कपडे दिसले कीं ‘या, बसा’. आपल्याला कचेरींत ‘ए’ म्हटलेलें झोंबतें. मग आपण वस्तीवर जाऊन दुसऱ्याला ‘ए’ म्हणतों त्याचें काय? ब्राह्मणानें आपल्याला खालीं बसविलें म्हणून ओरडावयाचें आणि आपण मांग-रामोश्याला खालीं बसवावयाचें, हा सत्यशोधकी धर्म नव्हे.

यावर कर्मवीर भाऊराव पाटलांनीं काढलेली तोड आपल्या डोळ्यांपुढें आहे. १९१९ सालीं कऱ्हाड तालुक्यांतील काले येथें त्यांनीं रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ सालीं ती साताऱ्यास आणली. वसतिगृहांत सर्व जातींचीं मुलें एकत्र राहत, एकत्र जेवत. तीं मुलें भाऊरावांना अण्णा म्हणत आणि लक्ष्मीबाईंना वहिनी म्हणत. साहेब नव्हे, महाराज नव्हे, अण्णा! थोरल्या भावाला जो मान द्यावयाचा तो मान, आणि थोरल्या भावावर जो हक्क सांगावयाचा तो हक्क, दोन्ही त्या एका हांकेंत आले.

आतां दुसऱ्या एका जोडीकडे वळूं. ती म्हणजे ‘जो’ आणि ‘तो’. ज्ञानोबांनीं शके १२१२ म्हणजे १२९० सालीं ज्ञानेश्वरी पुरी केली आणि शेवटीं देवापाशीं दान मागितलें. त्यालाच आपण पसायदान म्हणतों. त्यांत ‘मज’ हा शब्द एकदांच येतो. मला द्या, एवढें म्हणून झालें, आणि पुढें मागितलें काय? दुष्टांचा दुष्टपणा जावा, सगळ्या जीवांची एकमेकांशीं मैत्री व्हावी, ज्याला जें हवें असेल त्याला तें मिळावें. मागणारा ‘मज’ म्हणतो आणि स्वतःसाठीं कांहींच मागत नाहीं! ज्याच्या आईबापांना वाळींत टाकलें, ज्याची मुंज नाकारली, त्या मुलाचें हें मागणें आहे, हें ध्यानांत घ्या. आणि मिळावें कोणाला, हें सांगतांना त्यानें ‘जो’ आणि ‘तो’ हे शब्द योजिले आहेत.

‘जो’ आणि ‘कोण’ यांत फरक काय? ‘कोण’ला उत्तर लागतें. गांवच्या वेशींत पाऊल टाकलें कीं पहिला प्रश्न ‘कोण?’ मग नांव सांगा, गांव सांगा, आडनांव सांगा. आणि विचारणाऱ्याला हवी असते ती जात त्या आडनांवांतून काढून घेतां येते. ‘जो’ला उत्तर लागत नाहीं. ‘जो’ म्हणजे कोणीही. दार उघडें ठेवणारें हें सर्वनाम आहे. आपल्या म्हणींत तें असेंच बसलें आहे. ज्याचें जळतें त्याला कळतें. ज्याच्या हातीं ससा तो पारधी. यांत कुठें जातीचें नांव आहे काय? कायद्याचें पाहा. मनुस्मृतींत गुन्ह्याची शिक्षा सांगतांना आधीं वर्ण विचारला जातो. एकाच गुन्ह्याला ब्राह्मणास एक दंड आणि शूद्रास दुसरा. १८६०च्या दंडसंहितेची भाषा ‘जो कोणी’ अशी आली. जो कोणी चोरी करील, तो शिक्षेस पात्र होईल. मग तो देशपांडे असो, देशमुख असो वा रामोशी असो. परक्या सरकारनें आपलें भलें केलें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ‘कोण’ आणि ‘जो कोणी’ यांत जेवढें अंतर आहे, तेवढेंच मनूच्या न्यायांत आणि माणुसकीच्या न्यायांत आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजीं महाडास मनुस्मृति जाळली गेली, ती या ‘कोण’ विचारणाऱ्या न्यायाची होळी होती. ज्ञानोबांचा ‘जो’ त्या होळीच्या साडेसहाशें वर्षें आधींचा. तो आपल्या घरांत होता. आपल्याला तो ऐकूं आला नाहीं.

तुकोबांचा एक अभंग तर लहान पोरालाही पाठ असतो. दुःखानें पिडलेल्या माणसांना जो जवळचे समजतो, तोच साधु आणि देव तेथेंच आहे, असा त्याचा भाव. त्या सबंध अभंगाची किल्ली एका शब्दांत आहे : ‘आपुले’. पिडलेल्याला दान द्यावें, असें तुकोबा तेथें म्हणत नाहींत. त्याच्यावर दया करून पुढें जावें, असेंही म्हणत नाहींत. त्याला ‘आपुला’ म्हणावें, एवढेंच. दान देणें सोपें आहे. भाकरी लांबून टाकतां येते. ‘आपुला’ म्हणावयाचें तर ताटाला ताट लावावें लागतें. नाहींतर आपली नेहमींची रीत आहेच : आपला तो बाब्या, दुसऱ्याचें तें कारटें! तुकोबांनीं ‘आपला’ या शब्दाची शीव सरकवून पार वेशीबाहेर नेली.

आणखी एक बारीकशी गोष्ट. अभंगाच्या शेवटीं संत आपलें नांव घालतात, तें कसें? तुका, नामा, चोखा, जनी, सेना. ‘तुकाराम महाराज म्हणतात’ असें नव्हे. ‘म्हणे’, तेंही एकवचनी. बलुतेदारांना आणि वेठबिगारांना गांव ज्या तुटक्या नांवानें हांक मारीत असे, कोंड्या, धोंड्या, सख्या, त्याच जातीचें तें नांव. संतांनीं तें खालीं पडलेलें नांव आपण होऊन उचललें आणि त्यावर सही केली. आज त्या सहीपुढें सारा महाराष्ट्र हात जोडतो. नांवाला मोठेपण प्रत्ययानें येत नाहीं, माणसानें येतें.

आतां आमच्या धंद्याची गोष्ट सांगतों, कारण दोष आम्हां शिक्षकमंडळींकडेही येतो. आपल्या भागांतलें खेड्यांतलें पोर म्हणतें, ‘गुरुजी, म्या पुस्तक आणलं’. मास्तर डोळे वटारतात : ‘म्या नाहीं, मी म्हण. गांवंढळ कुठला!’ आणि पुढच्याच तासाला तेच मास्तर अभंग शिकवितांना सांगतात कीं ‘म्यां’ हें मी या सर्वनामाचें प्राचीन रूप होय, संतवाङ्मयांत तें आढळतें. अहो, संतवाङ्मयांत कशाला शोधतां? तें पहिल्या बांकावर बसलें आहे! आत्तांच तुम्हीं त्याला गप्प बसविलें. दादोबा पांडुरंगांनीं १८३६ सालीं मराठीचें व्याकरण छापलें, तेव्हांपासून पुस्तकांची भाषा एका ठरीव वळणाची होत गेली. तें गैर झालें असें नाहीं. दहा गांवचीं माणसें एकमेकांना समजावीं तर एक लिहिण्याची भाषा लागतेच. गैर झालें तें पुढें. एक वळण शुद्ध ठरलें आणि बाकीचीं अशुद्ध ठरलीं. अशुद्ध म्हणजे काय, हें आपल्याला सांगावयास नको. तो शब्द आपल्या अंगावर पुष्कळ पिढ्या फेंकला गेला आहे. माणसाला विटाळ, तसा शब्दालाही विटाळ!

वास्तविक झालें तें असें. शहरांतल्या सुशिक्षितांच्या बोलण्यांतून ‘म्यां’ गेला. तुकोबांच्या गाथेंत तो राहिला आणि कुणब्याच्या ओंठांवर राहिला. इंग्लंडांतल्या शेतकऱ्यांनीं ‘दाऊ’ राखला तसाच हा प्रकार. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. भाषा पुरातन आहे हें जुन्या लेखांवरून आणि ग्रंथांवरून दाखवावें लागलें. मोठ्या आनंदाची गोष्ट! पण ग्रंथांतला जुना शब्द अभिजात आणि म्हातारीच्या तोंडचा तोच शब्द गांवंढळ, हा न्याय कुठला? वाळवें तालुक्यांतील वाटेगांवचे अण्णाभाऊ साठे शाळेंत म्हणण्यासारखे गेलेच नाहींत. पण त्यांनीं आपल्या माणसांना कथा-कादंबऱ्यांतून गांवच्या बोलींत बोलावयास लावलें आणि त्यांचीं पुस्तकें परदेशींही भाषांतरित झालीं. आपल्या मायबहिणींनीं जात्यावर बसून ज्या ओव्या म्हटल्या, त्या गोळा करणाऱ्यांनीं लाखावर ओव्या टिपून घेतल्या आहेत. लिहितां न येणाऱ्या बायांचें हें भांडार! आतां जातीं थांबलीं, गिरण्या आल्या. गिरणीच्या खडखडाटांत ओवी म्हणतां येत नाहीं. म्हणून आज जें आजीच्या तोंडीं आहे तें उद्यां नातवाच्या वहींत आलें नाहीं, तर कोठेंच उरणार नाहीं.

आतां सर्वांत महत्त्वाचें. आज शाळाशाळांतून पसायदान म्हटलें जातें, घरोघर हरिपाठ होतो, लाउडस्पीकरवर पहांटेपासून अभंग लागतात. पोरांना विचारा, ‘येणें’ म्हणजे काय? पोरें म्हणतात, येणें म्हणजे येणें-जाणें! ‘मज’ म्हणजे कोण? गप्प. याचा अर्थ काय झाला? ज्या ‘मम’मधून संतांनीं आपल्याला बाहेर काढलें, तेंच ‘मम’ आपण त्यांच्या अभंगाचें केलें. मग भटजीनें सांगितलेलें संस्कृत आणि ध्वनिक्षेपकानें सांगितलेलें मराठी यांत फरक राहिला कोठें? अर्थ न कळतां म्हटलेला तुकोबा हा तुकोबा नव्हेच. ती दुसरी सत्यनारायणाची पूजा होय.

म्हणून या सभेपुढें चार साधीं कामें ठेवतों. पैशाचें एकही नाहीं.

पहिलें : घरांत रोज हरिपाठ होत असेल तर आठवड्याला एक अभंग वेगळा काढा. त्यांतल्या प्रत्येक सर्वनामावर पोराला बोट ठेवावयास सांगा आणि विचारा, कोण बोलतो? कोणाशीं बोलतो? कोणाविषयीं बोलतो? एवढ्या तीन प्रश्नांनीं अर्धा अभंग आपोआप उलगडतो. बापाला येत नसेल तर पोराबरोबर बसावें. यांत कमीपणा नाहीं.

दुसरें : पोरांनीं आजी-आजोबांच्या तोंडचे शब्द वहींत लिहावे. ‘म्या’, ‘आपुन’, ‘आमास्नी’, ‘त्यास्नी’, जसे ऐकूं येतील तसे. मास्तरांनीं परीक्षेसाठीं पुस्तकी रूप अवश्य शिकवावें, पण घरच्या रूपाला अशुद्ध म्हणूं नये. एक शाळेचें रूप, एक घरचें रूप, एवढेंच म्हणावें.

तिसरें : बोलण्याचीं दोन मापें मोडा. वयानें मोठा तो ‘तुम्ही’, मग तो कोणत्याही आळीचा असो. लहान तो ‘तूं’, मग तो पाटलाचा असो. हें माप आजपासून बांधावर, पारावर आणि सोसायटींत सारखें चालवा.

चौथें : ज्या कागदांत ‘मी’ किंवा ‘लिहून देणार’ म्हणून आपलें नांव आहे, तो कागद वाचून घेतल्यावांचून त्यावर सही किंवा अंगठा करूं नका. बँकेचा असो, खरेदीचा असो, वाटपाचा असो. वाचणारा घाई करूं लागला तर समजा कीं तो ‘मम म्हणा’ असें सांगत आहे. पोरगी शिकलेली असेल तर तिला बोलवा. दागिन्यापेक्षां तिचें अक्षर तेव्हां जास्त उपयोगीं पडेल.

शेवटीं एक शब्द आणि पुरें करतों. ७ नोव्हेंबर १९०० रोजीं साताऱ्याच्या सरकारी शाळेंत, आज जिला प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात तिच्यांत, एक मुलगा दाखल झाला : भिवा रामजी आंबेडकर. पुढें तोच मुलगा देशाच्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. ती घटना २६ नोव्हेंबर १९४९ रोजीं स्वीकारली गेली. तिच्या मराठी प्रास्ताविकेचा पहिला शब्द काय आहे, ठाऊक आहे? ‘आम्ही’. सर्वनाम! आपल्या भाषेंत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. ‘आपण’ ऐकणाऱ्याला आंत घेतो. ‘आम्ही’ त्याला बाहेर ठेवतो. मग घटनेंत ‘आम्ही’ कसा चालला? कारण तेथें ऐकणारा म्हणून बाहेर कोणी उरलेलाच नाहीं. कुणबी, मांग, ब्राह्मण, मुसलमान, बाई, पुरुष, सगळेच बोलणारे आहेत. चोखोबांचा दाराशीं थांबलेला ‘मज’ त्या ‘आम्ही’मध्यें आंत आला.

तो शब्दही आपण पोरांना प्रास्ताविकेबरोबर पाठ करावयास लावतों. तेव्हां तोही ‘मम’ होऊं नये, याची काळजी गांवानें घ्यावयाची आहे. उद्यां सकाळीं मजूर बांधावर येईल. त्याला हांक कशी मारावयाची, तेथून आरंभ करूं या.